उंदरिणींवर पांघरलेल्या शाली

डॉ. श्यामकांत यांचा सत्कार झाला नाही असा आठवडा उपनगरांत क्वचितच जाई. बोरिवलीचा ज्येष्ठ नागरिक संघ, मुलुंडचं वाचनालय, चेंबूरचं कुठलंसं ज्ञातिमंडळ, सगळ्यांना ते हवे असत. आणि ज्यांना नको असत त्यांच्याकडेही ते ओळखी काढून पोचत. विषय ठरलेला. स्त्रीचं मन, पुरुषाचं मन आणि हार्मोन्स. बोलायला उभे राहिले की आधी बायकांकडे पाहून गोड हसायचं, मग त्यांच्याच मनाच्या चंचलपणाबद्दल त्यांनाच तासभर सांगायचं, आणि शेवटी त्यांच्याच हातून शाल-श्रीफळ घ्यायचं. बायका टाळ्याही वाजवत. सुटीच्या दिवशी घराबाहेर पंख्याखाली बसायला मिळालं की माणूस बऱ्याच गोष्टींना टाळ्या वाजवतो.

या सगळ्या विद्वत्तेचा उगम मरोळच्या औद्योगिक वसाहतीत होता. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याला लागून एक संशोधन संस्था होती, तिच्या दुसऱ्या मजल्यावर पांढरे उंदीर होते, आणि लैंगिक हार्मोन्समुळे उंदराच्या मेंदूतल्या वाटा कशा बदलतात हे शोधणाऱ्या विभागाचे श्यामकांत सर प्रमुख होते. प्रमुख होते म्हणजे उंदराला त्यांनी हात लावल्याला जमाना लोटला होता. उंदरांना हात लावायला निमेश आणि हेमांगी होते.

निमेश घाटकोपरचा गुजराती, तोंडाने फटकळ, सकाळी जिम करून तसाच कामावर येणारा. त्याच्याकडे नर. हेमांगीही घाटकोपरचीच, पण गिरणी कामगाराची मुलगी. वडील गेल्यापासून आई आणि ती दोघीच. तिच्याकडे माद्या. तिचा पीएचडीचा सगळा प्रबंध या माद्यांवर उभा होता. भीती विसरायला शिकताना मादीच्या मेंदूत काय घडतं, हा तिचा प्रश्न. एक आवाज ऐकवायचा, त्याबरोबर पायाला हलकासा विजेचा झटका द्यायचा. उंदीर आवाजाला घाबरायला शिकतो, ऐकला की जागच्या जागी गोठतो. मग नुसता आवाज ऐकवत राहायचं, झटका द्यायचा नाही. हळूहळू त्याला कळतं की आता भ्यायचं कारण नाही. हे कळण्याची एक वाट मेंदूत असते, आणि इस्ट्रोजेन चढलेलं असताना ती वाट अधिक सहज उघडते असं हेमांगीला दाखवायचं होतं. त्या दिवसांत मज्जापेशींच्या फांद्यांवर बारीक काटे फुटतात, उतरलं की गळतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने नकळत हात जोडले होते. निमेशने ते पाहिलं आणि आठवडाभर चिडवलं.

उंदरिणीचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. ते कुठे आलंय हे कळायला रोज सकाळी प्रत्येकीचा नमुना काचपट्टीवर घेऊन तपासावा लागतो, सणवार असो की घरी पाहुणे असोत. हेमांगीला त्याचा कंटाळा नव्हता. देवापुढे दिवा लावायचा, सोमवार करायचा, संकष्टीला चंद्र पाहूनच ताट घ्यायचं, त्यातच हाही एक नेम. सरांना मात्र तिचे नेम फार सलत.

"आज काय, सोमवार का?" ते डबा न उघडलेला पाहून विचारत. "अगं, मेंदूला ग्लुकोज लागतं. म्हणून तुझ्या माद्यांचे आकडे असे येतात."

ती म्हणायची, "हो सर." तिचा आवाज मुळातच खालचा. समोरच्याला वाटायचं बाई मान्य करतेय.

आता शालींचं. सरांच्या घरी नारळांच्या वड्या होत, पण शाली उंबऱ्याच्या आत आणायला त्यांच्या बायकोने साफ बंदी केली होती. म्हणून सगळ्या शाली मरोळच्या कपाटात येत. माद्यांचं काम सुरू झालं तेव्हा प्राणिघरातून प्रयोगाच्या खोलीत पिंजरे नेताना झाकायला कापड कमी पडलं. उंदरांना उजेडाचा त्रास होतो, पिंजरे झाकूनच न्यावे लागतात. निमेशच्या नरांसाठी हिरवी जाड कापडं होती, दर आठवड्याला उकळून धुतली जाणारी. माद्यांसाठी मागणी केली तर सरांनी कपाटाचं दार उघडलं.

"या घे. नवीन कापड कशाला? माझ्या माद्या सन्मानाने जातील."

हा विनोद त्यांनी पुढे कितीतरी व्याख्यानांत सांगितला. माद्यांना शाली. हशा पिकायचा. व्याख्यान झालं की खांद्यावरची शाल तशीच गाडीत, दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगीच्या टेबलावर. तासदीड तास दिव्यांच्या झोतात, कोट घालून, घामाने थबथबून बोलल्यावर त्याच खांद्यांवर पांघरलेली शाल. तिला धुवायची कल्पना कुणाला आली नाही. मानाची शाल कोण धुतं?

आणि इकडे हेमांगीचे आकडे तिला दाद देईनात. इस्ट्रोजेन चढलेल्या दिवशी एक उंदरीण भीती चटकन विसरे, तर शेजारच्या पिंजऱ्यातली, त्याच दिवसात असलेली, आवाज येण्याआधीच कोपऱ्यात गोठून बसे. परवा शहाण्यासारखी वागलेली आज दगड. निमेशचे नर मात्र एका रेषेत.

"तुझ्या पोरी म्हणजे ना, फुल नौटंकी," निमेश म्हणाला. "माझ्याकडे बघ. झकास ग्राफ."

"तुझे नर रात्रभर एकमेकांना चावत असतात. कान फाटलेत त्यांचे. हार्मोन त्यांचंही वरखाली होतं, निमेश. ते कुणी मोजत नाही इतकंच."

"ते मोजलं तर माझी वाट लागेल ना, यार. तू नको सुचवू सरांना."

सरांना सुचवायची गरज नव्हती. त्यांनी निर्णय घेतला होता. त्यांनी हेमांगीला केबिनमध्ये बोलावलं आणि माद्या बाद करायचं सांगितलं.

"सोमवारी संस्थेच्या संशोधन समितीची बैठक आहे. तिथे आपण म्हणायचं, माद्यांचे निष्कर्ष फार चंचल आले, म्हणून अभ्यास नरांपुरता. तुझं नाव निमेशच्या पेपरात सहायक म्हणून घालू."

"आणि माझा प्रबंध?"

"नवीन विषय घे. तरुण आहेस." मग ते मागे रेलले. "हे बघ, मला माहीतच होतं. मी व्याख्यानात वर्षानुवर्षं तेच सांगतोय. मादीचा मेंदू म्हणजे भरती-ओहोटी. त्यावर विज्ञान कसं उभं करणार?"

हेच सर व्याख्यानात विटाळावर तोंडसुख घेत. आमच्या आज्या कोपऱ्यात बसायच्या, कावळा शिवला म्हणायच्या, काय ते अज्ञान, असं म्हणत आणि टाळी घेत. आणि स्वतःच्या प्रयोगशाळेत चक्र असतं एवढ्याच कारणासाठी सबंध मादीजातीला दाराबाहेर बसवायला निघाले होते. हेमांगीची आजी निदान चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायची. इथे चौथा दिवसच नव्हता.

हेमांगी केबिनमधून बाहेर आली. माद्या गेल्या तर तिची सगळी वर्षं गेली. शिवाय बाद केलेल्या प्राण्यांचं पुढे काय होतं हे तिला ठाऊक होतं. तिने पिंजऱ्याच्या जाळीला बोट लावलं. एक उंदरीण आली, बोट हुंगलं, निघून गेली. ही चंचल, म्हणे.

मार्ग निघाला तो निमेशच्या धांदरटपणातून. आदल्या आठवड्यात त्याने एका शालीवर चहा सांडला होता. डाग दिसला तर सर तोंड सोडतील म्हणून हेमांगीने ती घरी नेली. तिची आई जानकी, बोलायला तिच्यासारखीच हळू पण मालवणीत, शाल उलगडून नाकाशी नेताच लांब धरून उभी राहिली.

"कोणाची गो ही?"

"सरांची. सत्काराची."

"सत्कार करतत की उकडतत तेंका?" असं म्हणून तिने शाल रिठ्यात भिजत घातली, दोनदा खंगाळली आणि उन्हात टाकली.

ती धुतलेली शाल हेमांगीने परत आणली होती आणि इतर शालींसारखी वापरायला घेतली होती. केबिनमधून आल्यावर ती कामाला लागली. माद्या बाद होईपर्यंत तरी नेम चुकवायचा नव्हता. दोन पिंजरे नेले. दोघी उंदरिणी चक्राच्या एकाच दिवसात. एकीवर धुतलेली शाल, दुसरीवर मुलुंडची, कालच्याच सत्काराची. खोलीत नेऊन तिने शाली काढल्या. धुतलेल्या शालीखालची तोंड पुसत होती, इकडेतिकडे हुंगत होती. मुलुंडच्या शालीखालची कोपऱ्यात अंग चोरून, केस फुलवून, गोठलेली. आवाज अजून वाजलाच नव्हता.

हेमांगी दोन्ही हातांत दोन शाली घेऊन उभी राहिली. मग तिने, घरी आईने केलं होतं तसं, मुलुंडची शाल नाकाशी नेली.

पुरुषाच्या घामाच्या वासाने उंदीर बिथरतात हे तिने कधीतरी वाचलं होतं. नुसता माणूसच असं नाही, कुठलाही परका नर. नरांच्या हार्मोनमुळे घामात उतरणारी द्रव्यं नाकावाटे आत जातात, तिथून भीतीच्या केंद्राकडे सरळ वाट असते, आणि उंदराचं शरीर धोक्याची तयारी करतं. तिने वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण वास कुठून येणार? माद्यांच्या खोलीत तिच्याशिवाय कुणी जात नव्हतं. सर तर उंदरांपासून चार हात लांब. तेव्हा तो प्रश्नच तिला पडला नव्हता, आणि सर मात्र एकेका शालीतून रोज पिंजऱ्यावर येऊन बसत होते.

तिने निमेशला हाक मारली. "तुझा सकाळचा टी-शर्ट दे."

"काय? पागल आहेस का?"

"जिमचा. बॅगेत असेल ना. न धुतलेला."

"धुतलेला कुठून असणार?" त्याने पिशवीतून काढून दोन बोटांत धरून दिला. "पण कारण तर सांग यार. माझी बायको विचारेल."

कारण सांगण्यापेक्षा तिने दाखवलं. टी-शर्टाखालची उंदरीण गोठली. धुतलेल्या शालीखालची नाही. नव्या शालीखालची गोठली. महिन्याभरापूर्वीची, वास उडालेली जुनी शाल, तिच्याखालची थोडी दबकली आणि मग फिरू लागली. निमेशला तिने बाहेरच बसवलं होतं; दाराच्या काचेतून तो खुर्चीवर उलटा बसून पाहत राहिला. आपले नर आपल्या वासाला रोजचे सरावलेले आहेत, म्हणून तिथे ग्राफ सरळ, हेही त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा थोडा उतरला.

"म्हणजे चंचल कोण?" तो म्हणाला. "सरांचा सत्काराचा कार्यक्रम."

"हळू बोल."

"तू सांगणार त्यांना? हेमांगी, ते तुला खाऊन टाकतील."

तिने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, केबिनमध्ये, उभं राहून. धुतलेली शाल, न धुतलेल्या शाली, त्यांच्याखाली गोठणाऱ्या उंदरिणी. सरांनी ऐकून घेतलं आणि आधी ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे प्रबंधात काय लिहिणार तू? मार्गदर्शकाच्या घामामुळे प्रयोग बिघडला?"

"वासामुळे, सर. आणि तो पहिला भाग बाद करून स्वच्छ कापडांवर पुन्हा करायचा. माद्या ठेवायच्या."

"काही गरज नाही. एसीचा बिघाड म्हणू. माद्या बाद. सोमवारी तेच सांगायचं. आणि हे शालीबिलीचं बाहेर जायला नको, कळलं?"

हेमांगीने वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर सरांचे फोटो होते. प्रत्येकात शाल, प्रत्येकात तेच हसू. या माणसाला सत्याची भीती होती, पण सत्यात आपलं नाव मोठं दिसत असेल तर तो स्वतःच ते माइकवरून सांगेल, हे तिला त्या फोटोंकडे बघता बघता कळलं. ती खोटं बोलणार नव्हती. तिच्या नेमात ते बसत नव्हतं.

"बरं सर," ती म्हणाली. "मला एवढंच वाटलं, की तुम्ही खोलीत नसता, नुसती तुमची शाल असते, तरी उंदरिणीच्या मेंदूतली वाट तिथल्या तिथे बदलते. पुरुषाच्या हार्मोनचा असा परिणाम इतका स्पष्ट मी तरी पाहिला नव्हता."

सरांनी चष्मा काढला. "नुसती शाल?"

"नुसती शाल, सर."

"आणि गोठतात?"

"जागच्या जागी."

"हं," सर म्हणाले, आणि त्यांचं बोट आपोआप मिशीकडे गेलं.

निमेशच्या टी-शर्टाचा विषय तिने काढला नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी घाटकोपरला महिला मंडळात व्याख्यान होतं. मंडळाची अध्यक्ष शकु, हेमांगीच्याच इमारतीतली, पोळ्यांचा व्यवसाय करणारी, आवाज असा की माइक बंद पडला तरी चालावं. कार्यक्रम मोबाइलवरून थेट दाखवायची तिची पद्धत होती, आणि त्याची लिंक सर सकाळीच सगळ्यांना पाठवत, संस्थेच्या समितीतल्या सभासदांनाही, खाली 'जरूर पाहा' असं लिहून. त्या सकाळीही त्यांनी ती पाठवली. हेमांगी आईला घेऊन मागच्या रांगेत बसली होती.

सर रंगात आले. भरती-ओहोटी झाली, आज्या आणि कावळा झाला. मग ते थांबले, पाणी प्यायले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आता एक गोष्ट, जी मी प्रथमच जाहीर करतोय. आमच्या प्रयोगशाळेत पिंजऱ्यांवर माझ्या शाली घालतात. तुम्हीच दिलेल्या. आणि भगिनींनो, मी तिथे नसतो, नुसती माझी शाल असते, तर उंदरिणी जागच्या जागी गोठतात. पुरुषाच्या हार्मोनचं सामर्थ्य. मेंदूतली वाटच बदलते."

त्यांना टाळी अपेक्षित होती. ती आली नाही. बायका विचार करत होत्या, आणि ते दृश्य सरांना फारसं परिचयाचं नव्हतं.

"सर," शकु व्यासपीठावरूनच म्हणाली, "एक विचारू का? गेल्या वर्षी तुम्ही इथंच सांगितलंत, तुमच्या उंदरिणी फार चंचल, आज एक उद्या एक, म्हणून बायकांचंही तसंच. त्या उंदरिणींवर याच शाली होत्या का?"

"हो, म्हणजे, त्या वेळीही साधारणपणे..."

"मग त्या चंचल नव्हत्या. त्या तुम्हाला घाबरत होत्या."

"नाही, त्यात शास्त्रीय बारकावे..."

मागच्या रांगेतून जानकीचा हळू आवाज आला. शांतता होती म्हणून तो पुढपर्यंत ऐकू गेला. "ता सगळा ऱ्हवांदे. शाल कोणी धुतली नाय?"

आधी एक बाई हसली, तोंडावर पदर धरून. मग दोघी. मग पदर पुरेनात. शकुने मोबाइल मुद्दाम सरांच्या चेहऱ्याकडे वळवला असं कुणी म्हणणार नाही, पण तो वळला.

"हेमांगी, तू तिथंच काम करतेस ना गं?" शकु म्हणाली. "उठ, दोन शब्द सांग. आम्हाला नीट कळू दे."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. हेमांगी उठली. "सरांचीच शाल लागते असं नाही," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "आमच्या निमेशचा जिमचा टी-शर्टही चालतो. कुणाही पुरुषाचा घामट कपडा. आणि नर उंदराच्या मेंदूला जन्माच्या सुमारास नर बनवणारं हार्मोन मेंदूत शिरल्यावर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, मग ते काम करतं. ज्याला आपण बायकांचं म्हणतो तेच. बस, एवढंच." ती खाली बसली.

या वेळी टाळ्या वाजल्या, पण त्यांचा रोख कुठे होता हे सरांना समजलं असावं. शाल त्यांच्या खांद्यांवर घातली गेलीच. कार्यक्रमपत्रिकेत होती. शकुने ती दोन बोटांनी घातली एवढंच.

सोमवारी समितीच्या बैठकीत सर एसीबद्दल बोलायला लागले, तेवढ्यात एका वयस्क सभासदाने त्यांना थांबवलं.

"आम्ही काल पाहिलं. घरी सगळ्यांनी पाहिलं. माझी सून तर दोनदा. ते शालीचं प्रबंधात येतंय ना? फार महत्त्वाचं आहे."

सरांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा हेमांगीकडे. "अर्थात," ते म्हणाले. "मीच तिला तसं सुचवलं."

"आणि माद्या?"

"माद्या राहतील. त्यांच्याशिवाय हा शोध लागलाच नसता."

हेमांगी म्हणाली, "हो सर." पुन्हा कुणाला वाटलं असेल, बाई मान्य करतेय. कामाला नवी कापडं मंजूर झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची परवानगी मिळाली, आणि एक वर्ष वाढलं. त्या वर्षाबद्दल कुणी तिची क्षमा मागितली नाही. तिने वाटही पाहिली नाही. प्राणिघरात जाऊन सकाळच्या काचपट्ट्या तपासायच्या राहिल्या होत्या.

संध्याकाळी निघताना सर तिच्या टेबलापाशी आले. हातात घाटकोपरची शाल, घडी विस्कटलेली. सवयीने त्यांनी ती टेबलावर ठेवली, मग त्यांना आठवलं आणि त्यांनी हात मागे घेतला, पण शाल तिथेच राहिली.

"कपाटात ठेवू?" ते म्हणाले.

"नको सर," हेमांगी म्हणाली. तिने टेबलाच्या खणातून प्लास्टिकची पिशवी काढली, शाल टोकाला धरून तीत टाकली, पिशवीला घट्ट गाठ मारली आणि त्यांच्या हातात दिली. "घरी न्या. आणि धुवायला टाकलीत तर, रिठ्यात भिजवायला सांगा. आई म्हणते, दोनदा."

प्राणिघराच्या दाराशी ती हात धुऊन आत गेली. उंदरिणी तिची चाहूल लागताच जाळीशी आल्या.